१७२.८८ चं पीक आणि त्यामागचा रेणू

नाशकातल्या अंबडच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) काम करणाऱ्या मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: "सोडियम आयोडाइडने मास कॅलिब्रेट करताना १७२.८८ ला ठळक पीक येतं. दोन सोडियम आणि एक आयोडीन मिळून झालेला तो धन आयन आहे, असं शिकवलं गेलं. मग भार नसलेला तसाच रेणू असतो का? असला तर त्याची आयनीभवन ऊर्जा मास स्पेक्ट्रोमीटरने कशी मोजतात? आणि आमच्या यंत्रावर ते जमेल का?"

नवख्यांसाठी दोन शब्द: मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे आयनांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून मोजणारं यंत्र, पीक म्हणजे एखाद्या वस्तुमानाला त्याच्या आलेखात उठणारा उंचवटा, आणि आयनीभवन ऊर्जा म्हणजे अणूतून किंवा रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा.

आधी 'तसाच' हा शब्द पकडतो. सगळी गोम तिथेच आहे.

तुमच्या यंत्रात इलेक्ट्रोस्प्रे आहे, म्हणजे द्रावणाचे भारित थेंब फवारून त्यांतून आयन मिळवणारा स्रोत. द्रावणातला सोडियम मुळातच आयन असतो. थेंब सुकत जातो, तसा त्या आयनाला सोडियम आयोडाइडचा एक रेणू चिकटतो आणि जोडगोळी आत शिरते. दोन चिकटले तर ३२२.७८, तीन चिकटले तर ४७२.६७, दर पायरीला १४९.८९ ची भर. या सगळ्या प्रवासात कुणी कुणाचा इलेक्ट्रॉन काढलेलाच नाही. म्हणजे तुमच्या पिकामागे भार नसलेला दोन सोडियमवाला रेणू कधी नव्हताच. (नाशकात 'पीक' म्हटलं की लोक द्राक्षाचं समजतात. माझ्या घरीही बरीच वर्षं तोच गोंधळ होता.)

तरीही तो उदासीन रेणू असू शकतो, आणि असतोही. हिशेब मांडून बघा. आयोडीनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, दोन सोडियमचा एकेक, एकूण नऊ. पंगतीत पाट मात्र आठच. आठ जण आयोडीनभोवती बसतात आणि नववा दोन्ही सोडियमच्या मध्ये पसरून उभा राहतो. अष्टकाचा नियम मोडला असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आयोडीनचं अष्टक जागेवरच आहे, नवव्याला फक्त पाट मिळालेला नाही. म्हणून तो सैल असतो, थोड्या ऊर्जेत सुटतो, आणि तो सुटला की मागे उरतो तो तुमचा १७२.८८ चा तृप्त आयन.

किती सैल, त्याचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. लिथियमच्या अणूची आयनीभवन ऊर्जा ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक). सोडियम ५.१४, पोटॅशियम ४.३४, रुबिडियम ४.१८, आणि साध्या स्थिर मूलद्रव्यांत सगळ्यात कमी सीझियम, ३.८९. आता दोन लिथियम आणि एक फ्लोरिन घ्या. साध्या लिथियम फ्लोराइडमधून इलेक्ट्रॉन काढायला अकराच्या पुढे ऊर्जा लागते. त्यात एक लिथियम वाढवला की आकडा ३.८ च्या आसपास येतो. सीझियमच्याही खाली. अशा रेणूंना 'सुपरअल्कली' हे नाव गुत्सेव आणि बोल्डिरेव यांनी १९८२ च्या सुमारास दिलं. त्याआधी १९७८ मध्ये कुडो, वू आणि इहले यांना लिथियम ऑक्साइडच्या वाफेत तीन लिथियम-एक ऑक्सिजन असा रेणू दिसला होता. ते मुळात फ्यूजन अणुभट्टीसाठी लिथियम ऑक्साइड उच्च तापमानाला कसं वागतं हे तपासत होते. आमच्या धंद्यात अशा गोष्टी बहुधा दुसरंच काही शोधताना सापडतात.

आकडा इतका खाली का येतो, हे एका साध्या चक्रातून कळतं, आणि हे चक्र पुढे लागणार आहे, म्हणून नीट बघा. दोन लिथियमवाल्या रेणूतून एक लिथियम अणू तोडा. त्याला लागणारी ऊर्जा पहिली. त्या लिथियमचा इलेक्ट्रॉन काढा, ५.३९. मग तो लिथियम आयन पुन्हा लिथियम फ्लोराइडला चिकटवा. आता ऊर्जा बाहेर पडते, ती तिसरी. रेणूची आयनीभवन ऊर्जा म्हणजे पहिली अधिक ५.३९ वजा तिसरी. ३.८ हा आकडा खरा धरला, तर आयन चिकटताना मिळणारी ऊर्जा ही अणू तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने जास्त आहे. म्हणजे मोलमागे दीडशेहून जास्त किलोज्यूल. लिथियम फ्लोराइड हा टोकाचा ध्रुवीय रेणू. त्याला आयन घट्ट बिलगतो, साधा अणू तितका नाही. एवढंच कारण.

आता मोजायचं कसं. रस्ते तीन: इलेक्ट्रॉनचा मारा, तापलेला पृष्ठभाग आणि लेझर. तिन्हीत प्रश्न एकच छळतो: समोर दिसणारा आयन नेमका कुणापासून आला?

इलेक्ट्रॉनच्या माऱ्यापासून सुरुवात करू, कारण मी स्वतः तोंडावर आपटलो ते इथेच. मॉलिब्डेनमची किंवा टँटलमची झाकणबंद छोटी डबी असते, झाकणाला मिलिमीटरभर भोक. तिला क्नुडसेन सेल म्हणतात. आत मीठ भरायचं, निर्वातात तापवायचं, भोकातून वाफेची धार निघते आणि ती थेट आयन स्रोतात जाते. लिथियम फ्लोराइड साधारण ८०० सेल्सिअसच्या आसपास कामापुरती वाफ देतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि आयन कुठे उगवतो ते बघायचं. तो उंबरठा म्हणजे आयनीभवन ऊर्जा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा वस्तुमान ३३ ला, म्हणजे दोन लिथियम-सात आणि एक फ्लोरिन-एकोणीस, इतकं दणकट पीक मिळालं की मी साहेबांना हाक मारायला धावलो. रेषा ओढली, उंबरठा आला अकराच्या पुढे. तीन आठवडे मी तो आकडा सुधारत बसलो, चुकीच्या रेणूचा. मिठाची वाफ म्हणजे नुसते सुटे रेणू नव्हेत. १९५६ मध्ये मिलर आणि कुश यांनी अल्क हॅलाइडच्या (लिथियम-सोडियमसारख्या धातूंच्या अशा मिठांच्या) वाफेतल्या रेणूंचे वेग मोजून जोडरेणू, म्हणजे दोन रेणू चिकटून झालेले रेणू, दाखवले, आणि १९५८ मध्ये बर्कोविट्झ आणि चुप्का यांनी ते मास स्पेक्ट्रोमीटरवर पकडले. लिथियम फ्लोराइडच्या वाफेत तर जोडरेणू एकेकट्या रेणूंच्या बरोबरीने असतात. जोडरेणूवर इलेक्ट्रॉन आदळला की तो एक फ्लोरिन टाकून देतो, आणि उरतं काय? दोन लिथियम, एक फ्लोरिन. माझं दणकट पीक म्हणजे तुटलेल्या जोडरेणूचा तुकडा होता. ज्या रेणूच्या शोधात होतो त्याचा वाटा त्यात नगण्य.

यातून सुटका आहे, आणि ती आकड्यांतच दडली आहे. तुकडा अकराच्या वरच जन्मतो. खरा रेणू चारच्या आसपास आयन होतो. मधली मोठी पट्टी रिकामी आहे. इलेक्ट्रॉनची ऊर्जा आठवर ठेवून बघा. त्या ऊर्जेला वस्तुमान ३३ ला जे काही उरतं ते जोडरेणूचं असूच शकत नाही. सगळा आलेख काढला की त्याला एक बारीक, लांब शेपटी दिसते आणि अकरानंतर भिंत उभी राहते. आपल्याला हवी ती शेपटी. ती बारीक असते कारण वाफेत हे रेणूच थोडे. सेलमध्ये लिथियम धातूचा कण टाकला की त्यांचं प्रमाण वाढतं, पण धातू आधीच उडून जातो, त्यामुळे वेळ कमी मिळतो. आयोडाइडला ही पट्टी अरुंद होते: सोडियम आयोडाइडची स्वतःची आयनीभवन ऊर्जाच ७.६ च्या आसपास आहे. तुम्ही विचारलेला रेणू म्हणूनच फ्लोराइडपेक्षा त्रासदायक.

या पद्धतीची दुसरी खोड म्हणजे इलेक्ट्रॉन एका ऊर्जेचे नसतात. २२०० केल्विनच्या फिलामेंटमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनला सरासरी ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट स्वतःचीच असते, आणि ती पसरलेली. उंबरठा धारदार न येता उतरणीसारखा येतो. तिसरी खोड जास्त कपटी आहे. मिठाची वाफ फिलामेंटवर आणि आजूबाजूच्या जाळीवर बसते, संपर्क विभव (दोन वेगळ्या पृष्ठभागांमधला विद्युतदाबाचा फरक) सरकतो, आणि सकाळी बरोबर असलेला ऊर्जेचा काटा दुपारी अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टने खोटा बोलू लागतो. म्हणून प्रमाण-पदार्थ (ज्याची ऊर्जा आधीच पक्की माहीत आहे असा) त्याच वाफेत, त्याच तासात हवा. आरगॉनची ऊर्जा १५.७६, चारच्या मापाला तो दूरचा पाहुणा. पोटॅशियमच घ्या. शिवाय पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली इलेक्ट्रॉनचा प्रवाहच मरतो, कारण मंद इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवतात. माझं मत सांगतो: इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने या रेणूंचं अस्तित्व सिद्ध करावं, आकडा मात्र दुसरीकडून आणावा.

अस्तित्व सिद्ध करताना दोन गोष्टी विसरू नका. एक, शटर. सेल आणि स्रोत यांच्या मध्ये सरकणारी पत्री ठेवतात. पत्री आड आली की जे पीक पडतं ते वाफेच्या धारेतलं. जे तसंच राहतं ते भिंतीवरून निघालेलं किंवा उरलेल्या हवेतलं. दोन, समस्थानिक. लिथियम-सहाचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ३३ आणि ३२ या पिकांचं गुणोत्तर साधारण ६ ला १ यायला हवं. मला एकदा २ ला १ आलं. नवा समस्थानिक वगैरे काही नव्हता. ३२ वर ऑक्सिजन बसतो आणि झडपेचं गॅस्केट गळत होतं. सोडियम आणि आयोडीन दोघांनाही एकेकच स्थिर समस्थानिक, म्हणून तुमच्या रेणूला ही ओळखपरेड घेता येत नाही. शिकायचं असेल तर दोन पोटॅशियम-एक क्लोरिन घ्या. ११३, ११५, ११७ अशी रांग येते आणि ती खोटी पाडणं कुणालाही जड जातं.

आता माझा आवडता रस्ता, तापलेल्या पृष्ठभागाचा. याचं मूळ सूत्र मेघनाद साहांचं. १९२० मध्ये त्यांनी ते ताऱ्यांच्या वातावरणासाठी मांडलं. पुढे लँगम्युअर आणि किंगडन यांनी दाखवलं की सीझियमची वाफ तापलेल्या टंगस्टनवर आदळली की आयन होऊनच परतते. दोघांच्या नावाने ते आता साहा-लँगम्युअर समीकरण म्हणून ओळखलं जातं. भाषेत सांगायचं तर: धातूच्या पृष्ठभागावर रेणू क्षणभर टेकतो, त्याचा इलेक्ट्रॉन धातूने ठेवून घ्यायचा की परत द्यायचा, याचा सौदा धातूचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) आणि रेणूची आयनीभवन ऊर्जा यांच्यात ठरतो, आणि तापमान त्या सौद्यातली घासाघीस सैल करतं. आयन आणि उदासीन रेणू यांचं गुणोत्तर या दोन ऊर्जांच्या फरकावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतं.

१९५३ मध्ये इंग्रॅम आणि चुप्का यांनी एकाऐवजी अनेक फिलामेंटचा स्रोत केला. बाजूच्या फिलामेंटवरून मीठ उडवायचं, मधल्यावर आयन करायचे. युरेनियम-प्लुटोनियमचे समस्थानिक मोजायला मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि खडकांची वयं काढायला अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत याच घराण्यातली यंत्रं चालतात. बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेत तर अशा यंत्रावर नेमके हेच जादा धातूवाले अल्क हॅलाइड मोजले गेले आहेत. मांडणीचा फायदा सरळ आहे: बाजूचं तापमान कायम ठेवलं की येणाऱ्या रेणूंची संख्या कायम राहते, आणि फक्त मधलं तापमान बदलून आयनांचा प्रवाह बघता येतो.

इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली. ते रेनियमची फिलामेंट घेतात, कारण तिचं वर्क फंक्शन जास्त, ४.९६ च्या आसपास, आणि आयन भरपूर मिळतात. पण आपला रेणू ३.८ चा आहे. २००० केल्विनला गणित करा: दर एका उदासीन रेणूमागे चारशेहून जास्त आयन. म्हणजे जो येतो तो आयन होऊनच सुटतो. मग तापमान वाढवा नाहीतर कमी करा, प्रवाह जागचा हलत नाही, आणि ज्या उतारावरून ऊर्जा काढायची तो उतारच नाहीसा होतो. भरपूर सिग्नल आणि शून्य माहिती. अशा रेणूला कंजूष पृष्ठभाग हवा. लॅन्थनम हेक्साबोराइडचं वर्क फंक्शन २.७ च्या आसपास आहे. त्यावर १६०० केल्विनला आपल्या रेणूंपैकी दहा हजारांत एखाद-दोन आयन होतील. सिग्नल केविलवाणा, पण तापमानाला प्रतिसाद देणारा. तपासणी सोपी आहे: मधली फिलामेंट तापवताना प्रवाह चढायला हवा. सपाट राहिला की समजा, पृष्ठभाग उधळ्या आहे.

वर्क फंक्शन नेमकं किती, हा प्रश्न उरतोच. मीठ बसलं की ते बदलतं, आणि तापमानागणिक बदलतं. त्यावर उपाय म्हणजे एकट्या रेणूचा प्रवाह बघायचाच नाही. त्याच पृष्ठभागावर, त्याच क्षणी, आयनीभवन ऊर्जा माहीत असलेला एक धातू सोबत ठेवायचा आणि दोघांच्या प्रवाहांचं गुणोत्तर बघायचं. गुणोत्तरात वर्क फंक्शन कटून जातं. उरतो फक्त दोघांच्या ऊर्जांतला फरक. गुणोत्तराचा लॉगॅरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला की सरळ रेषा येते आणि तिच्या उतारातून तो फरक.

सोबतीला कोण घ्यावं, यावर लोक फारसा विचार करत नाहीत. मला वाटतं खरी कारागिरी तिथेच आहे. समजा रेणू ३.८ चा आहे आणि सोबतीला पोटॅशियम घेतला. फरक ०.५४. तापमान १५०० वरून १८०० केल्विनवर नेलं तर गुणोत्तर बरोबर अर्ध्यावर येतं, मोजायला छान. पण पायरोमीटरने (लांबून प्रकाशावरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) वरचं टोक ३० अंश जास्त दाखवलं, म्हणजे खरं तापमान १७७० होतं, तर उत्तर ०.०५ ने चुकतं. तापलेल्या, मीठ बसलेल्या पृष्ठभागावर ३० अंशांची चूक म्हणजे काहीच नाही. खिडकीच्या काचेवर आतून पापुद्रा बसला तरी तेवढी होते. आता सोबतीला सीझियम घ्या. फरक जेमतेम ०.०९. गुणोत्तर जवळजवळ हलतच नाही, आणि तीच ३० अंशांची चूक उत्तरात ०.०१ पेक्षाही कमी उतरते. मेन रोडवरच्या जुन्या सराफाचा तराजू आठवा. दोन्ही पारडी समान झाली की दांडीची लांबी कुणी विचारत नाही. सीझियमशी गुणोत्तर सपाट आलं की रेणू ३.८९ चा. पृष्ठभाग गार होताना गुणोत्तर वाढलं तर त्याच्या खालचा, घटलं तर वरचा.

सीझियम ३.८९, रुबिडियम ४.१८, पोटॅशियम ४.३४, सोडियम ५.१४, लिथियम ५.३९ ही निसर्गाने दिलेली वजनांची पेटी आहे. किमान दोन वजनांनी तोला. दोन्हींनी एकच उत्तर आलं तर मापं तरी खरी. वेगळं आलं तर कुणीतरी उधळ्या टप्प्यात शिरलंय, बहुधा सीझियमच, कारण त्याचा आकडा सगळ्यात खाली. एकच काळजी: आपल्या मिठात जो धातू आहे तो वजन म्हणून घेऊ नका. दोन सोडियमवाल्या रेणूसोबत सोडियम घेतला, तर मिठाचेच रेणू तापलेल्या पृष्ठभागावर तुटून सोडियम तयार करतात, आणि वजनच पारड्यात वितळत-वाढत राहतं.

एक सापळा मात्र या तराजूत सापडत नाही. आपला रेणू स्वतःच पृष्ठभागावर तुटतो. नववा इलेक्ट्रॉन सैल, बंध नाजूक, आणि खाली दीड हजार केल्विन. जितकं तापवाल तितके कमी रेणू साबूत राहतात, आणि तो कल उतारात मिसळतो. पाचही वजनांनी तोललं तरी सगळीकडे सारखीच चूक येईल, कारण चूक वजनात नाही, मालात आहे. माझा उपाय ओबडधोबड होता: जमेल तितकं कमी तापमान, आणि दुसऱ्या धातूच्या पृष्ठभागावर पुन्हा सगळं. तुटण्याचं प्रमाण पृष्ठभागागणिक वेगळं असतं, त्यामुळे दोन उत्तरं जुळली तर थोडा विश्वास ठेवता येतो. प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांपुढे अधिक-उणे ०.१ किंवा ०.२ लिहिलेलं दिसतं ते उगाच नाही. कुणी याच पद्धतीने तिसरा दशांश दिला तर मी तो पान उलटून पुढे जातो.

लेझरबद्दल थोडक्यात, कारण तिथे पैसा जास्त आणि डोकेदुखी कमी. ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ३२६ नॅनोमीटर. रंग बदलता येणारा लेझर ३५० कडून ३०० कडे न्यायचा आणि आयन कुठे उगवतो ते बघायचं. मोठी सोय ही की चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन जोडरेणूला हातही लावू शकत नाही. माझ्या त्या तीन आठवड्यांचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. कुडो आणि योकोयामा यांच्या गटाने २००० च्या सुमारास दोन लिथियम-एक फ्लोरिनचा ३.७८ हा आकडा याच रस्त्याने दिला. एकच पथ्य: लेझरची तीव्रता अर्धी केली की सिग्नलही अर्धा व्हायला हवा. पावपट झाला तर दोन फोटॉन मिळून काम करताहेत आणि उंबरठा खोटा आहे.

उंबरठा तरी कशाचा, हाही एक प्रश्न. उदासीन रेणूत नववा इलेक्ट्रॉन दोन्ही लिथियमना एकमेकांकडे खेचून ठेवतो, रेणू वाकलेला असतो. तो गेला की दोन धन टोकं एकमेकांपासून पळतात आणि आयन सरळ होतो. लेझरचा फोटॉन क्षणात काम करतो, रेणूला सरळ व्हायला वेळ देत नाही. त्यामुळे वाकलेल्या अवस्थेतच इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा थोडी जास्त भरते. तापलेल्या पृष्ठभागावर मात्र समतोल साधलेला असतो, म्हणून तिथून येणारी ऊर्जा सरळ झालेल्या आयनाची. दोन पद्धतींत दशांशाचा फरक दिसला की लगेच भांडायला उठू नका. दोघीही खऱ्या असतील.

आता तुमच्या यंत्राबद्दल. सरळ उत्तर: आयनीभवन ऊर्जा त्यावर मोजता येणार नाही. आयन बाहेरच तयार होऊन येतात, उदासीन रेणू आत येतच नाही. पण वर सांगितलेलं चक्र आठवा. त्यातली तिसरी बाजू, म्हणजे आयन आणि मीठ यांच्यातला बंध, तुमच्या ट्रिपल क्वाड्रुपोलवर (एक आयन निवडून, तो फोडून, तुकडे मोजणाऱ्या यंत्रावर) चाचपता येतो. १७२.८८ निवडा, टक्कर कक्षात वायू सोडा, टकरीची ऊर्जा वाढवत न्या, आणि तो कधी फुटतो ते बघा. लगेच एक अडचण येईल: तुकडा २३ ला पडतो आणि बऱ्याच यंत्रांना तितकं खालचं दिसत नाही. मूळ पीक विरताना दिसेल, तुकडा मिळणार नाही. म्हणून सीझियम आयोडाइड घ्या. ३९२.७ चा आयन फुटून १३२.९ ला सीझियम देतो, अगदी सोयीच्या जागी.

ऊर्जा वाचताना पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ३९३ च्या आयनाची ४० च्या आरगॉनशी टक्कर म्हणजे ट्रकला स्कूटर धडकण्यासारखं. ट्रकची बहुतेक ऊर्जा पुढे जाण्यातच राहते. २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिसत असतील तर बंध तोडायला उपलब्ध असतात १.८५ च्या आसपास. तुमच्या यंत्रात वायू नायट्रोजन असेल तर त्याहून कमी. वायूचा दाब जितका कमी ठेवाल तितकं बरं, नाहीतर एकेका आयनाला तीन-चार टकरा बसतात आणि बंध आहे त्यापेक्षा कमजोर वाटतो. यातून मिळेल तो ढोबळ आकडा. चक्राची पहिली बाजू, सीझियम अणू आणि मिठाचा बंध, संगणकावर गणिताने काढावी लागेल. तीन अणूंचाच रेणू आहे, पण सीझियम आणि आयोडीन जड, त्यामुळे सापेक्षतेचा परिणाम धरणारा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनच्या कक्षा गणितात मांडणारा फलनांचा संच) निवडा. लिथियम फ्लोराइडवर हात बसवून मग तिकडे जा. साध्या लॅपटॉपवर ते एका रात्रीत होतं. कॉलेज रोडवरच्या किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या एमएससीच्या विद्यार्थ्याला सोबत घेतलंत तर त्याचा प्रकल्पही होईल.

कंपनीच्या यंत्रावर हे करण्याआधी साहेबांची परवानगी लेखी घ्या. ऑडिट ट्रेलमध्ये (यंत्रावर कुणी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) विनाकारण सीझियमच्या वीस फाइली दिसल्या तर तपासणीच्या दिवशी उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, मला नाही. आणि द्रावण पातळ ठेवा. आयन आत शिरतात त्या तोंडाशी असलेल्या कोनवर मीठ साचलं की पुढच्या आठवड्यातला प्रत्येक नमुना त्याची आठवण काढतो.

कधी खऱ्या क्नुडसेन सेलपाशी पोहोचलात, तर लिथियम आयोडाइड जून ते सप्टेंबर उघडू नका. नाशकाच्या पावसात ती बाटली उघडून चमचा शोधेपर्यंत आत लापशी होते. ती तशीच सेलमध्ये भरली की तापताना पाणी निघतं, थोडं हायड्रोजन आयोडाइड निघतं, पंपाचं तेल काळं पडतं, आणि उरलेल्या ऑक्साइडमुळे तीन लिथियम-एक ऑक्सिजनचं पीक वर येतं. ते ३७ ला असतं. माझ्या एका सहकाऱ्याने त्याला दोन दिवस क्लोरिन-३७ समजून क्लोराइडची भेसळ शोधली होती. शेजारी ३५ ला त्याच्या तिप्पट उंचीचं पीक आहे का, एवढं बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.